उन्हात बंद पडणारी एमजीबी: आधी ठरवा, पेट्रोल की करंट

वरूडकडच्या एका भावांनी विचारलं आहे. त्यांच्या काकांची १९६५ची एमजीबी, दोन सीटची उघडी गाडी, बरीच वर्षं गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी होती. यंदाच्या हिवाळ्यात त्यांनी ती चालू केली. सकाळी छान पळते. दुपारी मोर्शीच्या रस्त्याने पंधरा-वीस किलोमीटर गेलं की झटके देते आणि बंद पडते. झाडाखाली वीसेक मिनिटं उभी ठेवली की पुन्हा पहिल्या सेल्फला चालू. शिवाय रात्री हेडलाइट पिवळे पडतात आणि कधी कधी सेल्फ मारला की नुसता 'कट्' आवाज येतो. मिस्त्रींनी कार्बोरेटर दोनदा खोलून साफ केले, प्लग बदलले, उडालेल्या फ्यूजच्या जागी चांदी (चकचकीत कागद) गुंडाळून दिली. आता ते म्हणतात, मारुतीचा पेट्रोल पंप आणि नवी कॉईल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) टाकू. टाकावं का?

भाऊ, अजून काहीच टाकू नका. तुमच्या मिस्त्रींच्या हाताबद्दल मला शंका नाही. ही गाडी जिथे बंद पडते तिथे तिला कोणी तपासलेलंच नाही, हा खरा प्रश्न आहे. ट्रॅक्टरला दोर बांधून ती गॅरेजला पोचते तोवर थंड झालेली असते, आणि थंड गाडीत कॉईलही चांगली, पंपही चांगला, पेट्रोलही भरपूर. मग हाताशी राहतो तो कार्बोरेटर, म्हणून तोच पुन्हा पुन्हा खोलला जातो. रस्त्याच्या कडेला मिळणारी ती वीस मिनिटं म्हणजे तुमची खरी तपासणीची वेळ. इंजिनाला त्या क्षणी पेट्रोल मिळत नाही की ठिणगी, एवढं एकच तिथे ठरवायचं. बाकीचं घरी सावकाश करता येतं.

या गाडीत पेट्रोलचा दोष आणि करंटचा दोष वेगळे करणं अवघड का जातं, ते आधी सांगतो. इंजिन तुमच्या मिस्त्रींच्या ओळखीचंच आहे. आपल्या ॲम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन ज्या बी-सिरीजचं, त्याच घराण्यातलं हे १७९८ सीसीचं. पण एमजीबीचा पेट्रोल पंप इंजिनावर नाही. तो मागे, उजव्या चाकाच्या बाजूला, खालून बसवलेला विजेवर चालणारा एसयू कंपनीचा पंप आहे. चावी फिरवली की टक-टक-टक वाजतो आणि दोन्ही कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाट्या भरल्या की गप्प होतो. या पंपाला आणि कॉईलला एकाच चावीतून, एकाच पांढऱ्या वायरीच्या फाट्यांतून करंट जातो. म्हणजे चावीचा स्विच आतून जळका असेल किंवा मधला एखादा जोड सैल असेल, तर पंपही मंदावतो आणि ठिणगीही कमजोर होते. लक्षण पेट्रोलचं दिसतं, दोष करंटचा असतो. उलटंही होतं. म्हणून अंदाजाने एक एक पार्ट बदलत जाण्याची पद्धत या गाडीत फार महाग पडते.

आता काही गोष्टी तुमच्या गाडीत नेमक्या कशा आहेत यावर अवलंबून आहेत, त्या आधी बघून घ्या. १९६५ची एमजीबी कारखान्यातून पॉझिटिव्ह अर्थची आली, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. १९६७पर्यंत तसंच होतं. पुढे कोणी ती उलटी करून घेतली असेल किंवा नसेलही. सीटच्या मागचं झाकण उघडा आणि बॅटरीची कोणती तार बॉडीला गेली आहे ते डोळ्यांनी पाहा. मूळ गाडीत तिथे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. आपल्याकडे बहुतेकांनी त्या काढून बारा व्होल्टची एकच बसवली आहे, त्यात काही वावगं नाही. गाडी अजून पॉझिटिव्ह अर्थची असेल तर ट्रॅक्टरवरून जंपर लावताना काळजी घ्या. ट्रॅक्टरची बॉडी मायनस, तुमची प्लस. प्लस प्लसला, मायनस मायनसलाच लावायचं, आणि दोन्ही गाड्यांचं लोखंड कुठेही एकमेकांना टेकता कामा नये. टेकलं तर थेट शॉर्ट.

वायरींचे रंगही बघा. मूळचं वायरिंग असेल तर तपकिरी म्हणजे बॅटरीवरून कायम जिवंत, पांढरी म्हणजे चावीनंतरची बिनफ्यूजची, हिरवी म्हणजे चावीनंतर फ्यूजमधून आलेली, जांभळी म्हणजे कायम जिवंत पण फ्यूजमधून, काळी म्हणजे अर्थ. कॉईलवरून डिस्ट्रिब्युटरला (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डब्याला) जाणारी पांढरी-काळी. पण आमच्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांत मध्येच कुठेतरी घरगुती लाल वायर टाकलेली हमखास सापडते. तसं असेल तर रंगावर विश्वास न ठेवता टेस्ट लॅम्पवर ठेवा.

टेस्ट लॅम्प म्हणजे बारा व्होल्टचा एक छोटा बल्ब, दोन वायरी, एका टोकाला चिमटा आणि दुसऱ्याला सुई. त्याला प्लस-मायनसचं काही नसतं, त्यामुळे पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीतही गोंधळ होत नाही. तो, एक साधा मल्टीमीटर, इन्सुलेटेड पक्कड, फिलर गेज, बारीक पॉलिश पेपर आणि पावडरचं अग्निशामक नळकांडं एवढं गाडीत ठेवून दुपारी मुद्दाम निघा. गाडी बंद पडायलाच हवी आहे. सोबत एक माणूस घ्या.

पहिला पुरावा गाडी मरता मरताच देते. झटके सुरू झाले की क्लच दाबू नका, गाडी गिअरमध्येच घरंगळू द्या आणि आरपीएमच्या काट्याकडे पाहा. गाडी गिअरमध्ये असल्यामुळे इंजिन फिरतच असतं. अशा वेळी काटा एकदम शून्यावर आपटला किंवा उड्या मारू लागला, तर कॉईलच्या बाजूचा करंट तुटतो आहे. काटा इंजिनाबरोबर हळूहळू खाली येत असेल, तर करंट आहे आणि पेट्रोलकडे संशय जातो. तुमच्या काळच्या गाडीत एक गोष्ट लक्षात ठेवा: कॉईलकडे जाणारा करंट या आरपीएम मीटरमधून फिरून जातो. म्हणजे मीटरच्या पाठीमागचा जोड सैल असला तरी इंजिन बंद पडतं. डॅशबोर्डखाली हात घालून तो जोड एकदा हलवून बघाच.

गाडी बाजूला लागली की क्रम मोडू नका: आधी ठिणगी, मग पेट्रोल. आधी पेट्रोलचा पाइप उघडला आणि मग ठिणगी पाहिली तर आग लागेल. जीवाशी खेळ नको. वाळलेल्या गवतात किंवा कुटाराच्या ढिगाजवळही गाडी उभी करू नका. मे महिन्यात आपल्याकडे पंचेचाळीस अंशांत एक थेंबसुद्धा क्षणात वाफ होतो.

ठिणगीसाठी डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून मधली जाड वायर काढा आणि इन्सुलेटेड पकडीने तिचं टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर धरा. सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. निळसर, कडक, नियमित ठिणगी पडली तर कॉईल, कंडेन्सर आणि सीबी पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमध्ये उघडमीट करून कॉईलचा करंट तोडणारी टोकं) त्या क्षणी ठीक आहेत. ठिणगी नाही किंवा पिवळी, मरतुकडी पडते, तर टेस्ट लॅम्प घ्या. चिमटा इंजिनाच्या लोखंडाला, सुई कॉईलच्या चावीकडून येणाऱ्या टोकाला. चावी चालू असताना लॅम्प सतत लागला पाहिजे. नाही लागला तर दोष कॉईलच्या मागे आहे: स्विच, जोड किंवा मीटर. लागला तर सुई डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला लावा. सेल्फ मारताना लॅम्प लुकलुकला पाहिजे. सतत लागत राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा मिटूनही त्यांतून करंट जात नाही. अजिबात लागला नाही तर एकतर पॉइंट उघडत नाहीत, कंडेन्सर शॉर्ट आहे, किंवा कॉईलच आतून तुटली आहे.

इथे एक जागा सांगतो जी चांगल्या चांगल्या मिस्त्रींच्या नजरेतून सुटते. डिस्ट्रिब्युटरच्या आत, पॉइंट बसवलेली प्लेट व्हॅक्यूमने मागे-पुढे हलते. त्या प्लेटला बाहेरून करंट देणारी एक मऊ बारीक वायर असते आणि एक छोटी अर्थची वायर. साठ वर्षं हलून हलून ती कापडाच्या आत तुटते. उभ्या गाडीत टोकं टेकलेली असतात, ॲक्सिलरेटर दिला की प्लेट हलते आणि टोकं सुटतात. बाहेरून वायर अखंड दिसते. चिमटीत धरून हळूच ओढा. रबरासारखी ताणली गेली तर आत तांबं तुटलेलं आहे. रुपयांत मोजावा लागणार नाही असा खर्च, आणि त्यापायी माणसं आख्खं डिस्ट्रिब्युटर बदलतात.

कॉईलचं म्हणाल तर गरम झाल्यावर मरणारी कॉईल असते, हे खरं आहे. पण 'गरम लागते म्हणून खराब' हे चूक. चांगली कॉईलही दुपारी हात टेकवू देत नाही. तुमच्या गाडीला बॅलास्ट रेझिस्टर (कॉईलच्या आधी जोडलेला वेगळा रोध) नाही, म्हणून कॉईलचा आतला रोध साधारण तीन ओहम हवा. बॅलास्टवाल्या गाड्यांची कॉईल दीड ओहमच्या आसपास असते. तसली कोणी बसवली असेल तर ती दुप्पट करंट ओढते, तापते, पॉइंट जाळते, आणि नेमकी तुम्ही सांगता तशी वीस मिनिटांनी शुद्धीवर येते. कॉईलच्या दोन्ही वायरी सोडून मल्टीमीटरने मोजा. दोन मिनिटांचं काम आहे. नवी घेतानाही तीन ओहमचीच घ्या. ॲम्बॅसेडरच्या कॉईल त्या मापाच्या मिळतात, पण डब्यावरच्या नावापेक्षा मीटरवरच्या आकड्यावर घ्या.

आता समजा ठिणगी कडक आहे. जाड वायर टोपीत परत बसवा, चावी चालू करा, सेल्फ मारू नका, आणि मागे जाऊन पंप ऐका. मी स्वतः या टकटकीवर मीटरइतकाच विश्वास ठेवतो. चार-सहा टक आणि गप्प: वाट्या भरलेल्या आहेत, पंपापर्यंतचं सगळं ठीक. थांबल्यावर दर काही सेकंदांनी एखादा टक: कुठेतरी गळतंय, किंवा कार्बोरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई पूर्ण बसत नाही. भरभर टकटक आणि थांबण्याचं नाव नाही: पंप हवा ओढतो आहे. तुमच्या विहिरीवरच्या मोटरचा फूट व्हॉल्व्ह गळका झाला की मोटर फिरते आणि पाणी चढत नाही, अगदी तेच. पंपाच्या आधीचा रबरी पाइप, त्याचे क्लिप आणि टाकीतला पाइप बघायचा. टाकी रिकामी असली तरीही असंच वाजतं, आणि जुन्या गाडीचा काटा खोटं बोलतो, तेव्हा काठी घालून पेट्रोल मोजा. अगदी मंद, जड टक: पंपाला व्होल्टेज पुरत नाही किंवा पुढे वाट तुंबली आहे. आणि पूर्ण शांतता, तीही वाट्या रिकाम्या असताना: पंपाला करंट नाही, किंवा पंपाच्या आतले पॉइंट काळे पडून अडकले. पाना उलटा धरून पंपाच्या डब्यावर हलकेच ठोका. टकटक सुरू झाली तर पॉइंटच. घरी येऊ शकाल, पण पंप उघडायची वेळ झाली.

पंप ऐकण्याआधी एक फुकटची तपासणी: टाकीचं झाकण उघडा. 'सूं' करून हवा आत ओढली गेली तर झाकणाला श्वास घ्यायला भोक नाही. पेट्रोल कमी होत जातं तसं टाकीत ओढ तयार होते, पंप थकतो, गाडी थांबते. उभी राहिली की हवा हळूहळू शिरते आणि गाडी चालू. तुमच्या लक्षणाशी हे शंभर टक्के जुळतं. दुसऱ्या गाडीचं झाकण बसवलेल्या टाक्यांत मी हे पाहत आलो आहे.

तरीही पैज लावायची तर मी टाकीवर लावेन. गाडी वर्षानुवर्षं उभी होती. आत गंज धरलेला असणारच. त्यात सध्या आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुना चिकट थर सोडवतं, पाणी शोषतं आणि जुन्या रबराला फुगवून मऊ करतं. सुटलेला गंज आणि राळ टाकीतल्या पाइपच्या तोंडाशी गोळा होतात, गाडी थांबली की ओढ संपते आणि कचरा खाली बसतो. वीस मिनिटांनी वाट मोकळी. उन्हाचा याच्याशी संबंध नसतो. सकाळी तुम्ही बहुधा जवळचं फिरता आणि दुपारी लांबचं, एवढाच फरक. म्हणून एकदा पहाटे, गारव्यात, थेट अमरावतीच्या दिशेने निघून बघा. गारव्यातही त्याच अंतरावर थांबली, तर उष्णतेचा मुद्दा निकालात निघाला.

टाकीची खात्री घरी करा, इंजिन गार असताना, सावलीत, उघड्यावर. बॅटरीची अर्थ तार आधी काढून ठेवा. पुढचा पाइप कार्बोरेटरपाशी सोडून तो पाच लिटरच्या पेट्रोलच्या डब्यात सोडा, कॉईलची वायर काढून तिचं टोक झाका, मग बॅटरी जोडून सोबत्याला चावी चालू करायला सांगा. निरोगी एसयू पंप मिनिटाला लिटरच्या आसपास पेट्रोल फेकतो. गाडीला खरं तर एवढं लागतच नाही. ऐंशीच्या वेगाने लिटरला दहा किलोमीटर धरले तरी तासाला आठच लिटर. म्हणून नुसतं 'येतंय की' म्हणून थांबू नका, दोन-तीन मिनिटं बघत राहा. धार सुरुवातीला जोरात आणि मग बारीक होत गेली, तर पंपाच्या मागे तुंबलंय. धारेत बुडबुडे आले तर हवा घेतंय. धार शेवटपर्यंत एकसारखी राहिली तर टाकी आणि पंप दोघेही सुटले, माझी पैज हरली, आणि मग कॉईल आणि उष्णता.

उष्णतेचंही खरं आहे, फक्त जागा वेगळी. पंप मागे असल्यामुळे आणि पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलत असल्यामुळे पाइपात वाफ अडकण्याचा त्रास या गाडीत कमी. पण या इंजिनाचे कार्बोरेटर आणि सायलेन्सरचा मॅनिफोल्ड एकाच, डाव्या बाजूला आहेत. मधला पत्रा आणि कार्बोरेटरखालचे जाड उष्णतारोधक ठोकळे जागेवर आहेत का बघा. कार्बोरेटर दोनदा उतरवले आहेत, तेव्हा एखादा ठोकळा बाकावर राहिला असण्याची शक्यता धरा. ते नसतील तर चहाला थांबल्यावर वाटीतलं पेट्रोल उकळतं. पण मग गाडी थांबल्यानंतर चालू व्हायला त्रास देईल, धावता धावता बंद पडणार नाही. तुमचं लक्षण धावतानाचं आहे.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: मरताना आरपीएमचा काटा, मग ठिणगी, मग टाकीचं झाकण, मग पंपाची टकटक. या चार गोष्टींनी पेट्रोल की करंट हे ठरतं, आणि त्यासाठी एकही पार्ट विकत घ्यावा लागत नाही.

आता रात्रीचे पिवळे दिवे आणि सेल्फचा 'कट्'. हा वेगळा दोष असू शकतो, किंवा पहिल्याचाच मोठा भाऊ. तुमच्या गाडीला अल्टरनेटर नाही, लुकासचा डायनॅमो आहे, आणि तो जास्तीत जास्त बावीस अँपिअर देतो, तेही इंजिन वर असताना. आयडलिंगला हेडलाइट थोडे पिवळे होणं हा त्याचा स्वभाव आहे. ॲक्सिलरेटर दिल्यावर पांढरे झाले तर काळजी नको. नाही झाले तर आधी बेल्ट ताणा, मग दिवे बंद ठेवून वाढत्या आरपीएमला बॅटरीवर व्होल्ट मोजा. चौदाच्या आसपास हवेत. कटआउटच्या (डायनॅमोचं चार्जिंग सांभाळणाऱ्या) डब्यातल्या पट्ट्या वाकवायला कोणालाही देऊ नका.

'कट्'साठी मात्र माझा पहिला हात अर्थिंगवर जातो. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरावर बसलेले असतात, बॉडीशी त्यांचं नातं फक्त एका विणलेल्या पट्टीने असतं. ती गिअरबॉक्सच्या बाजूला, खाली, चिखलात असते. क्लचच्या कामात सोडली आणि परत लावलीच नाही असं सर्रास होतं. मग सेल्फचा शेकडो अँपिअरचा करंट चोक आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागत असेल तर गाडी त्याच दिवशी उभी करा, आग लागते. मोजायची पद्धत सोपी: कॉईलची वायर काढा, मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या बॉडीकडच्या खांबावर, दुसरं इंजिनाच्या खरवडलेल्या लोखंडावर, आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर पट्टी आणि तिच्या दोन्ही जागा घासून चकचकीत करा. पंपाची अर्थही अशीच बघा, ती मागे गंजते आणि पंप मंदावतो. पुढे चावी चालू करून कॉईलच्या आणि पंपाच्या टोकाला व्होल्ट मोजा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टच्या वर कमी असतील तर मागे मागे येत जोड तपासा. शेडमध्ये कुटार असेल तर उंदीर असणार, तेव्हा मागच्या वायरी हाताने चाचपून बघा, डोळ्यांनी नाही.

फ्यूजवरची चांदी आजच काढा. पुन्हा एक सांगतो, लुकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं ते वितळण्याचं माप, सतत चालण्याचं साधारण सतरा. आजच्या पात्याच्या फ्यूजमध्ये पस्तीसचा टाकला तर वायर आधी जळेल. पंधरा किंवा वीसचा टाका. आणि पंपाची पांढरी वायर मुळात बिनफ्यूजची आहे, तिच्यात पंपापाशी एक वेगळा छोटा फ्यूज घालून घ्या. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीत मी तो घालतो.

राहिला मारुतीचा पंप. कार्बोरेटरच्या मारुतीचा पंप यांत्रिक होता, इंजिनावर बसायचा, तो इथे बसणारच नाही. इंजेक्शनवाल्या मारुतीचा पंप तीन बारच्या आसपास दाब देतो. एसयू कार्बोरेटरची सुई तीन पीएसआयच्या आसपासच्या दाबासाठी आहे, म्हणजे चौदाएक पटींनी कमी. पेट्रोल वाट्यांतून उतू जाईल, आणि खाली तापलेला मॅनिफोल्ड आहे. हे कृपया करू नका. पंप गेलाच असेल तर एसयूचाच दुरुस्त करून घ्या, आणि सगळे रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे लावा. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचंही कोणी सुचवेल. पॉझिटिव्ह अर्थला चालणारं वेगळं घ्यावं लागतं, आणि ते रस्त्यात गेलं तर गाडी दोरावरच येते. पॉइंट मात्र पॉलिश पेपरने घासून ०.३८ मिलिमीटरचा गॅप लावला की वावरातल्या रस्त्यावरूनही घरी येता येतं. आपल्या भागात मी पॉइंटच ठेवतो.

कार्बोरेटरला हे सगळं झाल्यावर हात लावा. वीस टक्के इथेनॉलवर मिश्रण थोडं पातळ होतं, तेव्हा दोन्ही जेटचे नट एखादी बाजू खाली घ्यावे लागतील, दोन्हीकडे सारखेच. त्याआधी मला चार गोष्टी कळवा: मरताना आरपीएमचा काटा कसा पडला, पंप कसा वाजला, कॉईलचे ओहम किती, आणि सेल्फ मारताना इंजिन आणि बॅटरीमध्ये किती व्होल्ट. मग पुढचं बोलू.